नालबंद महिपतराव शांती देतात

ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या दोन्ही वस्त्या मिळून ज्याच्यावर महिपतराव हिवाळ्यांचा हात पडला नाही असे पुरुष थोडे. मी त्या थोड्यांपैकी एक. त्याचं श्रेय माझ्या वागणुकीला नाही, टोपी बाजारातल्या माझ्या दुकानाला आहे. माझी बैठक इतकी चिंचोळी होती की एवढ्या मोठ्या माणसाला तिथे हात मागे घ्यायला जागाच मिळत नसे.

टोप्यांचा धंदा आमचा. संस्थान होतं तोवर पगड्या विकल्या, संस्थान मध्य भारतात विरघळलं तशा गांधी टोप्या विकल्या. डोकी तीच होती. महिपतरावांचं डोकं मात्र आमच्या कुठल्याच मापात बसलं नाही.

ते रिसाल्यात नालबंद होते. आजा नगरकडून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेला. बापाने, याकोबरावाने, मुरारच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. कुणी म्हणे श्रद्धेने घेतला, कुणी म्हणे मिशनच्या विहिरीसाठी. महिपतरावांची आई सगुणाबाई, तिला मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दोन्हीसाठी. तुला काय करायचंय, मेल्या? तुला पाणी कमी पडलं का?"

बिथरलेल्या घोड्याचा मागचा पाय मांडीत दाबून धरायचा आणि तो थरथरत असताना खिळा ठोकायचा, असं ज्याने वीस-एक वर्षं केलं त्याच्या हाताची चपराक कशी असेल याचा विचार करा. दफेदाराचा जबडा त्या हाताने सरकला होता. एका भिश्त्याचा कान कायमचा बंद झाला होता. मारण्यात त्यांनी जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, हुद्दाही पाहिला नाही. त्या बाबतीत एवढा समदर्शी माणूस मी दुसरा पाहिला नाही. घोड्याला मात्र कधी मारलं नव्हतं. तेही एकदा झालं, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

संस्थान गेलं तसा रिसाला मोडला. घोडे विकले, स्वार पांगले. मुरारच्या ख्रिस्ती वस्तीतले निम्मे पुरुष फौजेबरोबर कुठे-कुठे निघून गेले. मागे उरल्या विधवा, पेन्शनर आणि थोडे धडके गडी. बरं, जे उरले ते तीन ठिकाणी वाटलेले. कॅथलिक वेगळे, प्रॉटेस्टंट वेगळे, आणि तिकडे बिर्लानगरच्या मिलमध्ये केरळहून आलेले सिरियन ऑर्थोडॉक्स आणखी वेगळे. प्रत्येकाकडे चार-चार माणसं. प्रेताची पेटी उचलायला लागतात सहा. आणि एकाने दुसऱ्याच्या पेटीला खांदा द्यायचा रिवाज नाही.

त्या उन्हाळ्यात याकोबराव गेले. खांदे पुरेनात म्हणून पेटी टांग्यात घातली. टांगा गोविंदचा. मागच्या बाजूने पेटी हातभर बाहेर निघालेली, दोरीने बांधलेली, आणि मागे सगुणाबाई अनवाणी चालतेय. मुरारच्या बाजारात भाजीच्या ढिगावरून दोन सांड एकमेकांना भिडले आणि टांग्याचा घोडा उधळला. दोरी तुटली. पेटी रस्त्यावर आदळून फाटली आणि याकोबरावांचा हात फळीतून बाहेर आला, भीक मागणाऱ्यासारखा.

महिपतराव धावले ते आधी घोड्याकडे. कपाळावर एक ठोसा मारला, घोडा पुढच्या गुडघ्यांवर बसला. मग गोविंदला खाली ओढलं. गोविंदचे पुढचे दात त्या दिवशी गेले, दोन बरगड्या गेल्या, आणि लोकांनी सोडवलं नसतं तर त्याचीही पेटी लागली असती. तो हिंदू, त्याला पेटी लागत नाही, हे भान तेव्हा कुणाला होतं.

सगुणाबाई धुळीत बसली होती, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. तिने मुलाला हाक मारली. ओरडून नाही, घरात पाणी मागावं तशी.

"महिपत, इकडे ये. मी मेले तर जनावराच्या मागून न्यायचं नाही. सहा माणसांच्या खांद्यावरून न्यायचं. नाही नेलंस तर वर येऊन तुझं थोबाड फोडीन."

आई एवढं बोलली आणि महिपतरावांचं पुढचं सगळं आयुष्य त्या सहा खांद्यांना बांधलं गेलं.

हा सगळा तमाशा रस्त्याच्या कडेला उभा राहून एक माणूस बघत होता. कायतान परेरा, बँडवाला. मूळचा गोव्याचा, संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. गोल, गोरा, जिभेने तिखट. त्याच्या घरी बायकोची आजारी आई होती आणि कॅथलिक गडी त्यालाही चारच माहीत होते. दुसऱ्या दिवशी तो महिपतरावांकडे गेला. म्हणाला, "तुझे चार, माझे चार. देव वेगवेगळे नाहीत रे, फक्त पाद्री वेगळे आहेत." तिसरा आला मिलमधला हिशेबनीस कोशी. काळासावळा, कमी बोलणारा, चष्म्यातून माणसाच्या पलीकडे बघणारा. त्याच्याकडे तर देऊळही नव्हतं.

आता एकत्र बसायचं कुठे? कॅथलिकांच्या फादरने प्रॉटेस्टंट देवळात पाऊल टाकायला बंदी केलेली. प्रॉटेस्टंट पाळकांना फादरच्या आवारातल्या मूर्तींचा त्रास. शेवटी ख्रिस्ती माणसांना एकत्र बसायला सगळ्या ग्वाल्हेरात एका हिंदूची माडी तेवढी सापडली. ती माझी. खाली टोप्या, वर ख्रिस्ती बंधू मंडळ. जिना लाकडी आणि माडीच्या फळ्यांना फटी, त्यामुळे वरचं सगळं मला खाली बसून ऐकू यायचं. मी ऐकत नव्हतो असं म्हणणार नाही.

फादरने कायतानला बजावलं होतं, खांदा दे, पण त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणू नकोस. म्हणून ही मंडळी गोल करून बसत आणि ज्याची-त्याची प्रार्थना ज्याने-त्याने मनात म्हणत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांचं एकदम पोट दुखतंय. मग कोशीने आपल्याकडची एक रीत सांगितली. त्यांच्या पूजेत शांती हातोहात देतात. एकाने दोन्ही हात जोडून पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या तळव्यांत घ्यायचे, आणि तीच शांती पुढच्याला द्यायची. बोलायचं काही नाही. कायतानने फादरला विचारलं. फादर म्हणाला, तोंड बंद असेल तर हरकत नाही.

आणि कोशीने त्याला एक नियम जोडला. ज्याने कुणावर हात टाकला असेल त्याला शांती मिळणार नाही. आधी त्याने मारलेल्या माणसाला जाऊन ती द्यायची, आणि त्या माणसाने घेतली तरच परत वर्तुळात. शांतीतून बाहेर असलेल्याने कुणाला उचलायचं नाही. त्याच्या घरच्यांनाही कुणी उचलायचं नाही.

नियम सगळ्यांना होता, नजर एकाकडे होती.

महिपतराव खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे माझ्या आईला नाही?"

"आपकी माँ को भी नहीं," कोशी म्हणाला.

झालं. दुसऱ्या दिवशी महिपतराव गोविंदला शांती द्यायला निघाले. गोविंद टांगा स्टँडवर बरगड्यांना पट्टा बांधून बसलेला. त्याला दिसलं काय, तर ज्याने आपले दात पाडले तो राक्षस दोन्ही हात पुढे करून, एक अक्षर न बोलता, सरळ आपल्याकडे येतोय. त्याने चाबूक उचलला आणि सपकन तोंडावर मारला. पुढचं महिपतरावांनाही नीट आठवत नाही. चाबकाची काठी मोडली होती आणि गोविंद हौदात पडला होता, एवढं बघणाऱ्यांनी सांगितलं.

संध्याकाळी वर कायतान हसून-हसून लोळला. "शांती द्यायला गेला आणि हौदात बुडवून आला. अरे, हा तर बाप्तिस्मा झाला."

गोविंदचं मी बघितलं. त्याला दुकानात बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बाबा, तो हात देईल, तू फक्त धर. त्यांच्यात तसं असतं." गोविंदने डोळे मिटून हात धरले.

त्याहून मोठा प्रकार दौलतसिंहाचा. हा घोड्यांचा दलाल, मिशा कानापर्यंत, बरोबर कायम चार लठैत, काठ्या परजणारे. खुर सडलेली घोडी नाल ठोकून चांगली म्हणून खपवायचा त्याचा बेत, आणि नाल ठोकायला आणली महिपतरावांकडे. महिपतरावांनी घोडीचा पाय बघितला आणि दौलतसिंहाच्या कानशिलात दिली. दुसऱ्या दिवशी, नियमाप्रमाणे, महाराज बाड्याच्या चौकात भर गर्दीत महिपतराव हात जोडून त्याच्यासमोर उभे. दौलतसिंहाला वाटलं, गळा धरायला आला. चारी लठैत तुटून पडले.

आणि मी डोळ्यांनी पाहिलं, महिपतरावांनी जोडलेले हात सोडले नाहीत. एकाच्या नाकावर कपाळ आदळलं, रक्ताची चिळकांडी उडाली. दुसऱ्याच्या गुडघ्यावर अशी लाथ मारली की गुडघा उलटा वाकला. तिसऱ्याची काठी यांच्या पाठीवर मोडली. चौथा पळाला. दौलतसिंह एका बँकेच्या पायरीवर चढून उभा, मिशा लोंबत होत्या, आणि महिपतराव रक्ताने माखलेलं तोंड घेऊन त्याच्यापुढे परत हात जोडून उभे.

वर खटला चालला. महिपतराव म्हणाले, "नियम हाताचा आहे. मी हात उगारला नाही. हात शांतीत गुंतले होते."

कोशीने चष्मा पुसला. मग म्हणाला, "लात भी हाथ है।"

पुढे गावाला हे अंगवळणी पडलं. महिपतराव हात जोडून रस्त्याने दिसले की लोक एकमेकांना विचारायचे, "कल किसको पड़ी?" टांगेवाल्यांत तर म्हण पडली होती. जास्त बोलणाऱ्याला म्हणत, "चुप रह, नहीं तो शांति आ जाएगी।"

मधल्या वर्षांत मंडळाने पुष्कळ पेट्या उचलल्या. कायतानची सासू गेली तेव्हा कॅथलिक पेटीखाली पहिला खांदा नालबंदाचा होता. मिलमधला कोशीचा एक जातभाई मशीनमध्ये सापडून गेला, त्याला तर ज्या अवस्थेत उचललं ती मी इथे सांगत नाही. मंडळ वाढलं, बारा-चौदा पुरुष झाले.

एक सगुणाबाई तेवढी जात नव्हती.

दर हिवाळ्यात ती आजारी पडे. मुलगा घाबरून सहा जणांना निरोप देई, सहा जण काळे कोट घालून अंगणात येऊन बसत, आणि म्हातारी उठून मटणाचा रस्सा मागे. रस्सा पिऊन झाला की दारातून मोजायची, "सहा आलेत का? हा बारका कोण? हा पेलेल का मला?" कायतान म्हणायचा, "मावशी, तुम्ही आम्हाला सगळ्यांना पोचवून मग निवांत निघा." ती म्हणायची, "तुझं पोट बघ आधी. तुझ्यासाठी आठ लागतील."

मग छप्पन्न साल आलं. राजधानी भोपाळला गेली. संस्थान गेलं तेव्हा ग्वाल्हेर रडलं नव्हतं एवढं या वेळी रडलं, कारण राजा गेला तरी कचेऱ्या होत्या. आता कचेऱ्याच ट्रकवर चढल्या. कपाटं, खुर्च्या, कारकून, त्यांची बायका-मुलं. माझं गिऱ्हाईक भोपाळला गेलं आणि मंडळाचे खांदेही. दर आठवड्याला जिन्यावरून कमी पावलं वाजायला लागली. शेवटी महिपतराव, कायतान, कोशी, दोन शाळामास्तर आणि इस्पितळातला एक कंपाउंडर, एवढे राहिले. बरोब्बर सहा. महिपतराव त्या पाच जणांकडे सावकार तिजोरीकडे बघतो तसे बघायला लागले. कुणी शिंकला तरी विचारत, "बरं आहे ना?"

आणि एका संध्याकाळी कायतान वर म्हणाला, "मला भोपाळच्या पोलीस बँडमध्ये घेतलंय. पुढच्या महिन्यात जायचं."

 मी खाली एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टोपी धरून तसाच थांबलो.

"आई जाईपर्यंत थांब," महिपतराव म्हणाले.

"अरे, किती वर्षं थांबू? बँडची भरती काय तुझ्या आईला विचारून निघते?"

"पाचच राहतील."

"मग तिला सांग ना, या महिन्यात उरक म्हणावं. नाहीतरी मेलेलीच आहे, फक्त रश्शासाठी उठते."

कायतानच्या जिभेला हाड नव्हतं. खांद्याला होतं. वरून आवाज आला तो मी सुतारकामाचा समजलो, फळी मोडावी तसा. मग किंकाळी. वर गेलो तर कायतान भिंतीला टेकून बसलेला, तोंड पांढरंफटक, डावा हात लोंबतोय आणि गळ्याशेजारचं हाड कातडीखालून टोक काढून वर आलेलं. महिपतराव आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते.

कोशी एवढंच म्हणाला, "खांदा ही तोड़ दिया।"

हाड जुळलं, पण वाकडं. डावा हात खांद्याच्या वर जाईना, क्लॅरिनेट धरता येईना. भोपाळला दुसरा माणूस गेला. म्हणजे बघा, कायतान ग्वाल्हेरातच राहिला, महिपतरावांना हवं होतं तसाच. फक्त खांदा राहिला नाही, नोकरी राहिली नाही, आणि शांतीही राहिली नाही.

महिपतराव रोज त्याच्या दाराशी जायचे, हात जोडून उभे राहायचे. कायतानची बायको भांड्याचं खरकटं पाणी पायावर फेकायची. कायतान खिडकीतून म्हणायचा, "एक हात तू मोडलास, दुसरा माझा मी ठेवून घेतलाय. जा." एवढा डोंगर माणूस भिजल्या पायांनी परत जायचा. तेवढ्या काळात त्यांनी कुणाला मारलं नाही. बाजारात लोक मुद्दाम डिवचून बघायचे, आणि ते दातांवर दात दाबून निघून जायचे, जबड्याची शीर उडताना दिसायची.

थंडी पडली. सगुणाबाई आजारी पडली आणि या वेळी तिने रस्सा मागितला नाही. मुलाला विचारलं, "सहा आहेत ना?" महिपतराव म्हणाले, "आहेत." पहाटे ती गेली.

मला निरोप आला तसा मी टांगा करून मुरारला गेलो. अंगणात कोशी, दोघे मास्तर आणि कंपाउंडर उभे होते, काळे कोट घातलेले. पेटी आत तयार होती. पाळक येऊन बसले होते. आणि कुणी पेटीला हात लावत नव्हतं.

महिपतरावांनी कोशीची कॉलर धरली. "उचल."

कोशीचा चष्मा खाली पडला. तो म्हणाला, "आप शांति में नहीं हैं। आज नियम तोड़ेंगे तो कल किसी के लिए कोई नहीं आएगा। मुझे मारिए, मैं नहीं उठाऊँगा।"

तेवढ्यात फाटकाशी एक टांगेवाला आला, भल्या मनाने विचारलं, "ताँगा लगा दूँ, साहब?" महिपतरावांचा हात उठला. मग त्यांनी तो हात स्वतःच्याच तोंडात घातला आणि चावला. मनगटावरून रक्त ओघळलं. कॉलर सोडली, चष्मा उचलून कोशीला दिला आणि चालू पडले. आम्ही मागोमाग.

कायतान आपल्या ओट्यावर बसला होता.

"आई गेली," महिपतराव म्हणाले.

"घंटा ऐकली. चांगली होती म्हातारी. मला वाईट वाटलं."

"हात दे."

"देतो. आधी माझं एक ऐक. तू मारतोस, मग हात जोडतोस, समोरचा हात धरतो, झालं, तू मोकळा. माझं हाड तसंच वाकडं. मला शांती नको, मला मारायचंय तुला. एकदा पोटभर."

"मार."

"हात मागे."

महिपतरावांनी हात मागे नेऊन पट्ट्यात खोचले.

कायतानने थप्पड मारली. थप्पड कसली, स्वतःचाच तळवा झटकत बसला. मग तो आत गेला आणि बँडच्या पुढे चालणारा फिरवतो ती काठी घेऊन आला, पितळी मुठीची. पहिला फटका भुवईवर बसला आणि भुवई फाटली. दुसरा गालाच्या हाडावर. तिसऱ्याला नाक गेलं, आवाज आला. आळीतल्या बायका ओरडायला लागल्या, कायतानची बायको त्याचा सदरा ओढत "पुरे, देवासाठी पुरे" म्हणत होती, आणि कायतान रडत रडत मारत होता. मधेच दम लागून थांबायचा, शिवी द्यायचा, परत मारायचा. मास्तर तोंड फिरवून उभे. मी नाही फिरवलं. महिपतराव हलले नाहीत. दोन्ही डोळे सुजून मिटले, ओठ फुटून लोंबला, सदऱ्याची छाती लाल झाली. खाली मात्र ते पडले नाहीत.

एका क्षणी त्या फुटक्या ओठांतून म्हणाले, "जरा लवकर कर, कायतान. आई खोळंबलीय."

कायतानच्या हातून काठी पडली. तो ओट्याच्या कडेवर मटकन बसला. मग उजवा हात पुढे केला. महिपतरावांना दिसत नव्हतं; हवेत चाचपडत त्यांनी तो शोधला आणि दोन्ही हातांत धरला.

एका मास्तराने हळूच शंका काढली, की एका हाताची शांती चालते का.

कोशी म्हणाला, "दूसरा इन्होंने ही तोड़ा है। चलेगा।"

पेटी उठली. पुढे दोघे, मधे दोघे, मागे एकटे महिपतराव. डोक्याकडची सगळी बाजू त्यांनी मानेवर घेतली, दोन्ही हातांनी कडा धरून, ओझ्याच्या बैलासारखे वाकून. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. कायतान त्यांच्या शेजारी, उजव्या हाताने त्यांचा पट्टा धरून, पाऊल-पाऊल सांगत चालला होता.

"खड्डा आहे. डावीकडे. अजून. हां. आता चढ."

"सहा आहेत ना?"

"आहेत रे. चाल."

"तू धरलंयस का?"

"तुला धरलंय. तू तिला धर."

मुरारच्या बाजारातून पेटी निघाली तेव्हा दुकानदार उठून उभे राहिले. रक्ताने थबथबलेला मुलगा, त्याचा पट्टा धरून चालणारा लुळ्या हाताचा माणूस, आणि पुढे चार जण काळ्या कोटात. एका हलवायाने मला विचारलं, "नाना, इनको किसने मारा?" मी काही बोलायच्या आत त्याचं त्यानेच ठरवलं, की आपल्यात मुलाचं डोकं भादरतात तसं यांच्यात आई गेली की मुलाला मारत असावेत. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. मी खुलासा केला नाही. एवढी चांगली गोष्ट मोडायची कशाला? मुरारचे काही म्हातारे अजून ते खरं मानतात.

स्मशानात पाळकांनी वचनं वाचली. कायतान तोंड बंद ठेवून उभा राहिला, फादरचं मन राखायला. पेटी खाली गेली तेव्हा मात्र त्याचे ओठ हलताना मी पाहिले. फादरला मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर बैठक होती. सगळ्यांना वाटलं, महिपतराव येणार नाहीत. जिच्यासाठी हात आवरला ती म्हातारी पोचली. आता मंडळ काय नि शांती काय. टांगा स्टँडवर तर लोक जपून चालायला लागले होते. पण जिना करकरला, आणि ते वर गेले, भुवईला टाके, नाक एका बाजूला.

"आता कशाला आलास?" कायतानचा आवाज. "तुझं काम झालं."

"तू आहेस अजून."

"मग?"

"तुला उचलायला सहा लागतील. आई आठ म्हणायची, पण मी मागून दोघांचं घेईन."

वर कुणीतरी हसलं. बहुतेक कायतानच. मग शांतता झाली, म्हणजे हात फिरत असावेत.

मारणं सुटलं का म्हणाल, तर नाही. स्वभाव का असा जातो? होळीच्या सुमारास दाल बाजारात त्यांनी एका डाळवाल्याला त्याच्याच पोत्यांवर आडवा केला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. महिपतराव हात जोडून येत होते, पण या खेपेला त्यांच्या पुढे कायतान चालत होता आणि दुकानादुकानाला सांगत होता, "डरो मत, लेने नहीं, देने आ रहा है।" डाळवाल्याने तरी फळ्या लावल्या आणि आत कडी घातली. दोघे बाहेर पायरीवर बसले.

"का मारलास?" कायतानने विचारलं.

"ठेल्याच्या घोड्याला खिळ्याची काठी टोचत होता."

"मग बरोबर मारलास."

"बरोबरच मारला," महिपतराव म्हणाले, आणि जोडलेले हात गुडघ्यांवर ठेवून दार उघडायची वाट बघत बसले.